कुत्र्या-मांजराला कॅन्सर झाला तर: गोव्यात उपचार कसे जुळवायचे

गोव्यात कुत्र्या-मांजरांच्या कॅन्सरवर उपचार होतात, पण एका छपराखाली नाही. तपासणी फोंड्यात, सोनोग्राफी पणजीत, गाठीचा तुकडा कुरियरने राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेत, केमोचा सल्ला मुंबईच्या डॉक्टरांकडून फोनवर आणि प्रत्यक्ष सुई पुन्हा घराजवळच्या क्लिनिकमध्ये, असा सगळा पसारा असतो. यातले डॉक्टर एकमेकांना ओळखत असतीलच असं नाही. माणूस आजारी पडला की हॉस्पिटल फाइल सांभाळतं. इथे ती तुम्हालाच सांभाळावी लागते. हे पहिल्या आठवड्यात ध्यानात आलं की बराच गोंधळ टळतो.

आमच्या कुत्रीला लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, झाला तेव्हापासून ओळखीपाळखीची माणसं फोन करून तेच ते प्रश्न विचारतात. त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही, म्हणून औषधांचे डोस कुठेच दिलेले नाहीत.

१. गाठ मोजा, फोटो काढा, तारीख घाला

महिन्यातून एकदा, आंघोळीच्या वेळी म्हणा, अंगभर हात फिरवा. जबड्याखाली, खांद्याच्या पुढे, काखेत, मांडीच्या आत, गुडघ्यामागे, पोटावरच्या सडांच्या दोन्ही रांगा, शेपटीखाली. तोंड उघडून हिरड्या बघा. गाठ लागली तर शिवणाची टेप शेजारी धरून फोटो काढा.

गाठ १ सेंटिमीटरची, म्हणजे साधारण वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी असेल, किंवा महिनाभर तशीच राहिली असेल, तर सुईने तपासून घ्यायची. "वय झालं की गाठी येतातच" हे वाक्य शेजारी म्हणतील, नातेवाईक म्हणतील, क्वचित डॉक्टरही म्हणतील. चरबीच्या निरुपद्रवी गाठी म्हाताऱ्या कुत्र्यांत खूप दिसतात हे खरं आहे. पण नुसतं चाचपून कुठली गाठ साधी आणि कुठली घातकी, हे कुणालाच सांगता येत नाही.

गाठ नसतानाही काही लक्षणं दुर्लक्षू नयेत: मोठ्या जातीच्या कुत्र्याचं न थांबणारं लंगडणं, एकाच नाकपुडीतून येणारं रक्त, लघवीत रक्त, मांजराची लाळ आणि तोंडाची दुर्गंधी, खाणं ठीक असून घटणारं वजन. आणि पांढरं मांजर असेल तर त्याचे कान आणि नाक. आपल्याकडचं ऊन वर्षभर तळपतं. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला खपली धरते, पडते, पुन्हा धरते. ती भांडणातली जखम समजून महिनोन्‌महिने मलम लावलं जातं. कित्येकदा तो उन्हामुळे झालेला त्वचेचा कॅन्सर असतो. लवकर सापडला तर कानाचा तेवढा भाग काढून मांजर छान जगतं.

२. डॉक्टर कुठला, आणि त्यांना काय विचारायचं

सरकारी सोय आहे: पणजीजवळ टोंक-करंजाळ्याचं पशुवैद्यकीय इस्पितळ, मडगावकडच्यांना सोनसडोचं, शिवाय तालुक्यातालुक्यांतले दवाखाने. खाजगी क्लिनिक म्हापसा, पर्वरी, पणजी, फोंडा, मडगाव, वास्को या पट्ट्यात जास्त. पेडणे, सत्तरी, सांगे किंवा काणकोणात राहत असाल तर वाहनाचा विचार आधीच करून ठेवा, कारण पुढे दर आठवड्याला जावं लागू शकतं.

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा. सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, इथे होते का आणि स्लाइड कोण वाचतं? गाठ काढली तर ती तपासायला कुठे पाठवता? केमो इथे देता का, आणि देत असाल तर प्रत्येक डोसाआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करता का? "आमच्याकडे होत नाही, अमुक ठिकाणी जा" असं म्हणणारा डॉक्टर चांगला. "त्याची काही गरज नसते" असं तिन्ही प्रश्नांना उत्तर आलं तर दुसरं दार ठोठवा.

३. आधी सुई, मग सुरी, आणि स्टेरॉइड तर सर्वांत शेवटी

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

सूज दिसली, ताप आहे, खात नाही, म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. प्राणी दोन दिवसांत टुणटुणीत होतो, गाठी बसतात, घरचे खूश. आजार लिंफोमा असेल तर मात्र दोन नुकसानं झालेली असतात. गाठी बसल्यामुळे सुईत नेमकं काही सापडत नाही. आणि पेशी औषधाला सरावतात, त्यामुळे पुढची केमो कमी चालते. म्हणून निदान हातात येण्याआधी स्टेरॉइड नको, असं स्पष्ट सांगा. आधीच दिलं गेलं असेल तर कधी, किती दिवस, हे लिहून पुढच्या डॉक्टरांना दाखवा.

सुईच्या तपासणीला बहुतेक वेळा भूल लागत नाही. बारीक सुई गाठीत घालतात, निघालेल्या पेशी काचेवर पसरतात, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. "सुई टोचली की कॅन्सर पसरतो" ही भीती बहुतेक गाठींच्या बाबतीत निराधार आहे. मूत्राशयाच्या गाठीसारखे अपवाद आहेत, ते डॉक्टरांना ठाऊक असतात. मास्ट सेलची (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींची) गाठ असावी असा संशय असेल तर सुईआधी अँटिहिस्टामिन देतात, कारण ती गाठ डिवचली की फुगते, लाल होते.

आता आपल्याकडचा खास घोटाळा: गोचीड ताप. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोव्यात एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडीतून होणाऱ्या आजारांच्या केसेस भरपूर येतात. त्यातही लसिका ग्रंथी सुजतात, ताप येतो, प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्त येतं, वजन उतरतं. लिंफोमाचं चित्र याहून फार वेगळं नसतं. त्यामुळे अंगभर ग्रंथी सुजलेल्या कुत्र्याची रक्ताची स्मिअर (काचेवर पसरलेल्या रक्ताची तपासणी) आणि टिक फीव्हरची किट किंवा पीसीआर चाचणी करा, आणि त्याच दिवशी ग्रंथीतून सुईही घ्या. आधी महिनाभर गोचीड तापाचं औषध देऊन बघू, मग सुई, हा क्रम परवडत नाही. लिंफोमा महिनाभर थांबत नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि गोचीड ताप अंगात असताना केमो सुरू केली तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आणखी कोसळतात.

४. काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नका

ऑपरेशननंतर बरेचदा मालकाला गाठ दाखवतात आणि फेकून देतात. ती फेकायची नाही. हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवायची, तीही शक्य असेल तर अख्खी. वरवरचा छोटा तुकडा पाठवला तर कडा मोकळ्या आहेत का, हे प्रयोगशाळेला सांगताच येत नाही.

तुमच्याकडून बघण्यासारख्या गोष्टी:

- रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बाटली. १० टक्के फॉर्मॅलिन, गाठीच्या साधारण दहापट. गाठ फार मोठी असेल तर आत फॉर्मॅलिन मुरावं म्हणून डॉक्टर तिला चिरा देतात.
- बाटलीवर, झाकणावर नव्हे, नाव, जात, वय, गाठीची जागा आणि तारीख. एकाहून जास्त गाठी काढल्या तर प्रत्येकीची वेगळी बाटली.
- सोबत आजाराचा इतिहास लिहिलेला कागद. "लंप" एवढंच लिहिलेला फॉर्म परत लिहून घ्या.
- एफएनएसीच्या काचा पाठवायच्या असतील तर त्या फॉर्मॅलिनच्या बाटलीसोबत एका खोक्यात नकोत. वाफेनेच त्या खराब होतात.

चवथीच्या आठवड्यात, दिवाळीत किंवा कार्निव्हलच्या तोंडावर कुरियर करू नका. गाठ फॉर्मॅलिनमध्ये टिकते, पण पार्सल कुठेतरी पडून राहतं आणि इथे तुमचा जीव खालीवर होतो. रिपोर्ट आला की त्यात चार गोष्टी शोधा: गाठीचा प्रकार, ग्रेड म्हणजे ती किती घातकी आहे त्याची पायरी, मायटोटिक काउंट म्हणजे पेशी किती वेगाने वाढताहेत त्याचा आकडा, आणि कडा मोकळ्या की नाहीत. कडांबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा.

५. पसरलाय का, ते बघा

छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर. एकाच फोटोत फुप्फुसातला लहान ठिपका सहज निसटतो. पोटाची सोनोग्राफी, जवळच्या ग्रंथीतून सुई, रक्त-लघवी. मांजराची एफईएलव्ही आणि एफआयव्ही या दोन विषाणूंची चाचणी. सीटी स्कॅन सगळ्यांना लागत नाही. नाक, जबडा, छाती अशा जागी मोठं ऑपरेशन करायचं असेल तेव्हा लागतो.

एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो बाहेरच्या डॉक्टरांना कामाचा नसतो. मूळ डिजिटल फाइल मागून घ्या.

६. आपल्याकडे जास्त दिसणारे प्रकार

*टीव्हीटी.* हा कुत्र्यांचा संसर्गजन्य कॅन्सर आणि गोव्यात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांमुळे तो चांगलाच माहीत असलेला. विषाणू वगैरे काही नाही. कॅन्सरच्या पेशीच संगातून, चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगात रुजतात. हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा एका कुत्र्याच्या गाठीतून निघालेल्या या पेशी आजवर अशाच फिरत आल्या आहेत. माणसाला किंवा मांजराला हा होत नाही.

लक्षण म्हणजे जननेंद्रियावर फुलकोबीसारखं वाढलेलं लालसर मांस आणि थेंब थेंब रक्त. मादीत हे रक्त माजाचं समजलं जातं, नरात लघवीचा संसर्ग. माजाचं रक्त दोन-तीन आठवड्यांत थांबतं, हे थांबत नाही. नाकात रुजला तर शिंका आणि रक्त. तपासणी सोपी: गाठीवर काच टेकवून उमटलेल्या पेशी बघितल्या तरी अनुभवी डॉक्टर ओळखतात.

उपचार विन्क्रिस्टीन हे केमोचं औषध. आठवड्याला एक, शिरेतून, साधारण चार ते सहा डोस, कधी थोडे जास्त. बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. कॅन्सरच्या दुनियेत हे वाक्य क्वचितच लिहायला मिळतं. दुसऱ्या-तिसऱ्या डोसानंतर रक्त थांबतं आणि तिथेच माणसं यायची बंद होतात. गाठ नजरेने पूर्ण नाहीशी होऊन डॉक्टर सांगेपर्यंत डोस चालू ठेवायचे. नुसतं ऑपरेशन करून काढली तर ती पुन्हा उगवण्याची शक्यता मोठी. उपचार संपले की नसबंदी करा, आणि वाड्यावरची बाकीची कुत्रीही एकदा तपासून घ्या. संग कुणाशी झाला ते गावात सगळ्यांना माहीत असतंच.

रस्त्यावरच्या कुत्र्याला तुम्ही खायला घालत असाल आणि त्याला टीव्हीटी असेल तर पैशापेक्षा मोठा प्रश्न त्याला दर आठवड्याला त्याच दिवशी पकडण्याचा असतो. प्राणी कल्याण संस्थांशी आधी बोला. काही संस्था उपचार संपेपर्यंत ठेवून घेतात, जागा असेल तर.

*सडांच्या गाठी.* नसबंदी न झालेल्या मादीत हा सर्वांत सामान्य कॅन्सर. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत धोका अर्ध्या टक्क्यावर येतो, पहिल्या माजानंतर केली तर सुमारे ८ टक्के, दुसऱ्यानंतर २६ टक्के. १९६९ च्या अभ्यासातले हे आकडे आजही सांगितले जातात. कुत्रीच्या या गाठींपैकी जवळपास निम्म्या घातक, मांजरीच्या मात्र दहांपैकी आठ-नऊ. म्हणून मांजरीच्या सडाला शेंगदाण्याएवढी गाठ लागली तरी "बघू पुढच्या महिन्यात" नको. मांजर माजावर येऊ नये म्हणून दिली जाणारी हॉर्मोनची इंजेक्शनं आणि गोळ्या हा धोका वाढवतात. पैसे वाचवण्यासाठी त्यांचा आधार घेणारे अजून बरेच आहेत.

*लिंफोमा.* जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे, दोन्ही बाजूंना, न दुखणाऱ्या टणक गाठी. कुत्र्याला चॉप नावाचं चार औषधांचं वेळापत्रक देतात, साधारण पाच-सहा महिने. बहुतेक कुत्रे छान प्रतिसाद देतात आणि सरासरी वर्षभर मिळतं. बरा होतो असं मात्र धरून चालू नका. नुसत्या प्रेडनिसोलोनवर महिना-दोन महिने मिळतात, आणि पैसे, वय, प्रवास यांचा विचार करून कुणी तेवढंच निवडलं तर त्यात चूक काही नाही. मांजरांमध्ये आतड्याचा सावकाश वाढणारा एक प्रकार असतो, त्यावर घरी देण्याच्या गोळ्यांनी दीड-दोन वर्षंही निघतात.

*हाडाचा कॅन्सर.* रॉटविलर, ग्रेट डेन, लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जाती. पाय कापायचा म्हटलं की घरात रडारड होते. तीन पायांचा कुत्रा काही आठवड्यांत पळतो. दुखणारा पाय घेऊन जगणं त्याला जास्त जड जातं. पाय काढल्याने वेदना जाते, आयुष्य लांबवायला पुढे केमो लागते.

७. गोव्यातच, की बाहेर?

टीव्हीटी, सडांच्या गाठी, त्वचेवरच्या बहुतेक गाठी इथेच होतात. सीटी, मोठं ऑपरेशन, गुंतागुंतीची केमो यासाठी मुंबईत परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ सालचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. रस्त्याने जाणाऱ्यांना साताऱ्याच्या वाटेवर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि दक्षिणेकडच्यांना बेंगळूरचं हेब्बाळ. रेडिएशन प्राण्यांसाठी देशातच दुर्मिळ आहे. त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

माझं मत विचाराल तर एकदाच बाहेर जाऊन निदान आणि उपचाराचं वेळापत्रक पक्कं करावं, आणि डोस शक्यतो घराजवळ घ्यावेत. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे नंबर द्या आणि दोघांनाही तुमच्यादेखत एकदा फोनवर बोलायला लावा. पुढच्या कटकटी त्या एका फोनने वाचतात.

*रेल्वे.* कुत्र्याला डब्यात सोबत न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर लागतो. टू टायर, थ्री टायर, स्लीपरमध्ये परवानगी नाही. संध्याकाळी मडगावहून निघून पहाटे मुंबईला पोचणारी कोकणकन्या सोयीची. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं, म्हणून दुसरी सोय हाताशी ठेवा. प्राण्याचं बुकिंग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होतं, तिथे वेळेआधी जा. दुसरा पर्याय गार्डच्या डब्यातली पेटी. आजारी प्राण्याला त्यात टाकू नका.

*गाडी.* चोर्ला किंवा आंबोली घाटातून जायचं तर पावसाळ्यात दरड आणि धुक्याचा अंदाज घेऊन निघा, पाणी भरपूर, दर दोन-तीन तासांनी थांबा. उलटीचं औषध आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

*सोबतची फाइल:*

- लसीकरणाचं पुस्तक, रेबीजच्या नोंदीसह
- प्रवासासाठी पशुवैद्याचं ताजं आरोग्य प्रमाणपत्र
- एफएनएसी आणि हिस्टोपॅथॉलॉजीचे रिपोर्ट. मिळाल्या तर मूळ काचा आणि गाठीचे मेणात बसवलेले तुकडे (ब्लॉक)
- एक्स-रे, सोनोग्राफीच्या डिजिटल फाइल
- रक्ताचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने
- आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाची यादी, स्टेरॉइड वेगळं अधोरेखित
- दर आठवड्याचं वजन
- गाठीचे मोजमापासह फोटो

या सगळ्याची एक प्रत फोनमध्ये, एक कागदावर. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

८. केमोचे दिवस

माणसांची केमो बघितलेल्यांना धास्ती वाटते. प्राण्यांना डोस मुद्दाम कमी दिला जातो, कारण हेतू बरे दिवस मिळवण्याचा असतो. बहुतेक कुत्र्यांचे केस जात नाहीत. शिह त्झू, ल्हासा, पूडल अशा सतत केस वाढणाऱ्या जातींचे विरळ होतात. मांजरांच्या मिशा गळतात.

क्लिनिकमध्ये बघा: त्या दिवशीच सीबीसी झाली का, सुईची नळी नवीन आणि नीट बसलेली आहे का, देणाऱ्याच्या हातात मोजे आहेत का. विन्क्रिस्टीन शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं. नंतरच्या दिवसांत त्या जागी लाली, सूज, सतत चाटणं दिसलं तर लगेच कळवा. कोली किंवा शेल्टी जात असेल तर एमडीआर१ जनुकाबद्दल डॉक्टरांना विचारा. त्या जनुकात दोष असलेल्या कुत्र्यांना विन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिन झेपत नाही. डॉक्सोरुबिसिनआधी हृदयाची तपासणी. मांजराला सिस्प्लॅटिन आणि ५-फ्लुओरोयुरॅसिल कधीच नाही, ही दोन्ही त्यांना जीवघेणी आहेत.

घरी सगळ्यांत नाजूक काळ डोसानंतर सातव्या ते दहाव्या दिवसाचा. तेव्हा पांढऱ्या पेशी तळाला असतात. डिजिटल थर्मामीटर घ्या, गुदद्वारातून मोजायला शिका. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल. १०३ च्या वर गेलं आणि प्राणी मलूल असेल तर रात्र असो की रविवार, फोन करायचा. म्हणून रात्री कुठलं क्लिनिक उघडं असतं ते आधीच शोधून ठेवा. गोव्यात ही यादी फार लांब नाही.

खाणं साधं: उकड्या तांदळाची पेज, उकडलेली कोंबडी, अंडं, काटे काढलेला शिजवलेला मासा. कच्चं नुस्तं (मासे), कच्चं मांस, बाजारातून उचललेली मुंडकी बंद. कांदा-लसूण कधीच नाही. भूक मेली असेल तर अन्न कोमट करा, वास सुटतो.

मल-मूत्रातून औषध दोन-तीन दिवस बाहेर पडत राहतं. मोजे घालून उचला, लघवीवर भरपूर पाणी ओता, गरोदर बाई आणि लहान मुलांना लांब ठेवा. आणि परसात विहीर असेल तर त्या दिवसांत कुत्र्याला तिच्या बाजूला नेऊ नका. केमोच्या गोळ्या फोडायच्या नाहीत, पूड करायची नाही. सायक्लोफॉस्फामाइड सकाळी द्या, दिवसभर पाणी आणि वरचेवर लघवीला बाहेर. लघवी गुलाबी दिसली तर पुढची गोळी न देता फोन.

रेबीज लसीकरणाची पथकं घरोघरी येतात, आणि ती यायलाच हवीत. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला तो त्याच कामामुळे. केमो चालू असेल तर मात्र दारातच तसं सांगा आणि लस कधी घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

९. दुखणं आणि पावसाळ्यातली जखम

कुत्रा विव्हळत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. जिना टाळणं, एकाच कुशीवर झोपणं, रात्री येरझाऱ्या, मांजराचं कपाटाखाली बसून राहणं आणि अंग न चाटणं, ही वेदनेची भाषा. घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड खराब करतात. स्टेरॉइड चालू असताना मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक एकत्र दिलं जात नाही ना, हे दोन वेगवेगळे डॉक्टर असताना तुम्हीच तपासायचं.

फुटलेली गाठ आणि जून ते सप्टेंबर, ही जोडी वाईट. माशा बसतात आणि एका दिवसात किडे पडतात. जखम रोज दोनदा सलाईनने धुवा, वरून जुना सुती टीशर्ट घाला, गळ्यात कोन, आणि प्राणी घरात. किडे पडलेच तर फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन ओतू नका; फिनेल मांजराला विषारी आहे. क्लिनिकमध्ये नेऊन काढून घ्या.

१०. पैशाचं आधीच बोला

एकूण आकडा विचारू नका, तुकडे विचारा: निदान, ऑपरेशन, प्रयोगशाळा, प्रत्येक केमोची भेट त्यातल्या रक्ताच्या तपासणीसह, आणि मध्येच भरती करावी लागली तर. दोन बेत मागा, एक पूर्ण आणि एक आपल्या ऐपतीतला. हात आखडता असेल तर पहिला पैसा सुईच्या तपासणीवर आणि छातीच्या एक्स-रेवर घाला; त्यावरून बाकीचा खर्च करण्यात अर्थ आहे का ते कळतं. विमा निदानानंतर काढला तर त्या आजाराला लागू होत नाही.

गोमूत्र, काढे, "कॅन्सर विरघळवणारी" पावडर विकणारे लवकरच तुमच्यापर्यंत पोचतील. द्यायचंच असेल तर निदान केमोच्या डॉक्टरांना सांगून द्या, यकृतावर परिणाम करणाऱ्या वनस्पती कमी नाहीत.

११. थांबायची वेळ

उपचार सुरू करतानाच घरात बसून ठरवा: त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी कुठल्या? गेटपर्यंत फेरी, मासे कापताना शेजारी बसणं, पावाचा तुकडा. कॅलेंडरवर रोज चांगला किंवा वाईट अशी खूण करा. वाईट दिवस जास्त होऊ लागले की डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोला. हा निर्णय पशुवैद्याच्या सल्ल्याने घेतला जातो आणि कायद्याला तो मान्य आहे. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस. डोळे उघडे राहतात, एखादा श्वास नंतरही येतो. मुलं जवळ असतील तर त्यांना आधी सांगा. घरी येणारे डॉक्टर हवे असतील तर दोन-तीन दिवस आधी ठरवा, त्या दिवशी शोधून मिळत नाहीत.

स्वतःची जागा असेल तर तीन-चार फूट खोल खड्डा, विहिरीपासून लांब. जांभ्या दगडाच्या भाटात (बागायतीत) एवढं खणायला माणूस लागतो, आणि पावसात खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून ती तजवीज आधी करावी. खड्डा उथळ ठेवू नका: भुलेचं औषध अंगात राहतं आणि उकरून खाणारा दुसरा कुत्रा मरू शकतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पालिका, पंचायत किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे आधी चौकशी करावी.

उरलेल्या केमोच्या गोळ्या कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका, क्लिनिकमध्ये परत द्या. न उघडलेलं सलाईन, डायपर, कोन, उलटीच्या आणि वेदनेच्या गोळ्या संस्थांना लागतात. आधी फोन करून काय हवं ते विचारा आणि मुदतीची तारीख बघून द्या.